शेंदराखालचा डबा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. जो कोणी हे वाचेल, बहुतेक कोणी वाचणार नाही, त्याने चुका पोटात घालाव्यात. मी चौथी शिकले. पुढची शाळा धरणाच्या पलीकडे होती आणि इकडे शेळ्या होत्या. ही वही धाकट्या लेकीची आहे. तिने पहिल्या चार पानांवर गणितं करून ती टाकून दिली होती. ती पानं मी फाडली नाहीत, पाचव्यापासून लिहायला घेतलं. घरातले सगळे शेतात गेले की धान्याच्या कोठीवर वही ठेवून लिहिते आणि कोणाची चाहूल लागली की ती कोठीमागे टाकते. या वयात लाजायचं काही कारण नाही, पण माझी लाज वयाबरोबर गेली नाही. जे लिहायचं आहे ते त्या लाजेबद्दलच आहे, आणि माझ्या बहिणीबद्दल.

आमचं घर बीडजवळच्या पाली गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर होतं. ओट्यावर बसलं की खाली बिंदुसरेच्या धरणाचं पाणी दिसायचं, चैत्रात आटलेलं आणि पोळ्याला काठोकाठ. वस्तीवर तीनच घरं, तिन्ही भाऊबंदांची, तिन्ही शेळ्या-मेंढ्या राखणारी. दगडमातीच्या भिंती आणि वर पत्रे. वारा सुटला की पत्रे असे वाजायचे की बोललेलं ऐकू यायचं नाही आणि मग कोणी बोलायचंही नाही. दुपारी खालच्या गावातून गिरणीची पुकपुक यायची. संध्याकाळी बोकडाच्या गळ्यातली घंटा आधी यायची, मग धूळ, मग शेळ्या आणि शेवटी आम्ही. आत्या चुलीपुढे बसलेली असायची. ती वडिलांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली. तिच्या हातचं हुलग्याचं माडगं पुन्हा मला कुठे खायला मिळालं नाही. मी स्वतः करते, तेच हुलगे, तोच लसूण, पण चव येत नाही. ज्वारीची भाकरी, पाट्यावरचा ठेचा, पावसाळ्यात अंबाडी, आणि शेळीच्या दुधाचा चहा. त्या चहाला वास येतो म्हणून आमच्याकडे आलेला पाहुणा कप हातात धरून बसायचा. मुक्ता त्याच्याकडे बघून म्हणायची, "प्या की दाजी, शेळी काय चावती का?"

मुक्ता माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिला वडवणीच्या बाजूला दिली होती. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी आणली, आणि मुक्ता एका सकाळी डोक्यावर गाठोडं घेऊन डोंगर चढून परत आली. आईने भाकरी वाढली, वडील शेळ्यांकडे गेले, आणि त्यानंतर वर्षभर घरात सगळे हळू आवाजात बोलायला लागले. आधीची मुक्ता पाहुण्यांची टर उडवायची. ही मुक्ता दिवसभर दगडावर बसून काठीने मातीवर रेघा मारायची. शेळी दुसऱ्याच्या रानात शिरली तरी तिचं लक्ष नसायचं. हाक मी मारायला हवी होती, पण मला मोठ्याने हाक मारता यायची नाही. मी धावत जाऊन शेळी वळवायचे.

त्या दिवसांत खाली गावात सारखं काहीतरी नवीन येत होतं. पिवळ्या पाटीचा फोन आला. रुपयाच्या पुडीतला शाम्पू आला. आम्ही ज्यांना वाणी अण्णा म्हणायचो त्या वाण्याच्या दुकानात थंड बाटल्यांची पेटी आली आणि तिच्याभोवती गडी माणसं बसायला लागली. मग एक दिवस डोंगरावर पवनचक्कीची माणसं आली. तेव्हा पवनचक्की हा शब्दही आम्हाला ठाऊक नव्हता. वारा मोजायला आलोत म्हणाले. आत्या म्हणाली, "वारा मोजून त्याचं काय करनार, पोत्यात भरनार?"

त्यांच्यात एक तरुण साहेब होता. चष्मा, उन्हाने सोललेलं नाक. तो एकटाच फिरायचा आणि त्याच्या हातात साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं यंत्र असायचं. एकदा तो आमच्यापाशी पाणी मागायला आला. मी बोरीच्या झाडामागे गेले. मुक्ताने बिंदगीतलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं आणि विचारलं, "ह्यो रेडू हाय का? गाणी लागत्यात?"

"नाही ताई. हे यंत्र सांगतं आपण कुठे उभे आहोत ते. आकाशात उपग्रह आहेत, त्यांच्याकडून त्याला कळतं."

"मी सांगते की. तुमी धोंड्याच्या माळावर हुबे हायत. तुमाला ठावं न्हाई का?"

साहेब इतका हसला की त्याला पाण्याचा ठसका लागला. मी झाडामागून बघत होते. मुक्ताच्या तोंडावर वर्षभराने काहीतरी हललं.

पुढच्या खेपेला त्याने आम्हाला तो खेळ दाखवला. त्याच्याकडे घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा होता. त्यात छोटी वही, पेन्सिल, एक काचेची गोटी, एक चावीची साखळी. म्हणाला, परदेशात लोक असा डबा डोंगरात लपवतात, ती जागा यंत्रात आकड्यांनी लिहून सगळ्यांना कळवतात, आणि अनोळखी माणसं आकड्यांवरून ती जागा शोधत येतात. डबा सापडला की वहीत नाव लिहायचं. आतली एखादी वस्तू हवी तर घ्यायची, पण तेवढ्याच मोलाचं दुसरं काही आत ठेवायचं. मग डबा होता तसा लपवून निघून जायचं.

मुक्ता म्हणाली, "मजुरी काय मिळती?"

"काही नाही. छंद म्हणून करतात. उलट पदरचं पेट्रोल घालून जातात."

"म्हंजी काम न्हाई, धंदा न्हाई, आन् उन्हात डोंगर चढत्यात?"

"हो."

"लई बरं चाललेलं दिसतंय त्यांचं," मुक्ता म्हणाली.

साहेब खिंडीकडे गेला, डबा लपवून आला आणि यंत्र मुक्ताच्या हातात दिलं. त्यावर एक बाण होता आणि खाली आकडा. चारशे काहीतरी. तिला आकडे वाचता येत नव्हते म्हणून मी तिच्याबरोबर गेले, साहेबाकडे पाठ करून. चालू तसा आकडा कमी व्हायचा. तीनशे, दोनशे. बाण चुकला की मुक्ता यंत्राला दटावायची, "सरळ सांग की रे." खिंडीत पोचलो तेव्हा आकडा पाचावर आला आणि तिथेच घुटमळायला लागला. पुढे आपलं आपण बघायचं होतं. मुक्ता गुडघ्यांवर बसली, दोन धोंड्यांच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला, आणि एकदम ओरडली, "घावलं! घावलं गं!" तो आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला. खाली शेळ्यांनी माना वर केल्या.

वहीच्या पहिल्या पानावर साहेबाने खेळाचं नाव लिहून दिलं, जिओकॅशिंग. आम्ही डब्याचा खेळच म्हणायचो. दुसऱ्या पानावर त्याने मुक्ताला नाव लिहायला सांगितलं. ती पेन्सिल माझ्याकडे देऊन म्हणाली, तू लिही. मी विचारलं, मुक्ता कोण लिहू? म्हणजे बापाचं नाव लावू की नवऱ्याचं. ती म्हणाली, "नुसतं मुक्ता लिही. खाली तुझं लिही." मी लिहिलं. मुक्ता, कौसा.

मोजणी संपली आणि साहेब गेला. जाताना म्हणाला, डब्याकडे लक्ष ठेवा, कोणी पाहुणे येतील. तो पुन्हा आला नाही. पण आम्हाला खेळ लागला. आमच्याकडे यंत्र नव्हतं, पण आमची मोजमापं होती. आम्ही धनगराच्या लेकी, कासरा, हाक, सावली यांच्यावर आमचा दिवस चालायचा. मुक्ता सकाळी कुठेतरी काहीतरी लपवायची आणि मला सांगायची, "वाकड्या लिंबापासून एक हाक वर. तिथनं सावली जिकडं पडंल तिकडं तीन कासरे. मग खाली बघ, वर बघू नको." मी शेळ्या सोडून शोधत फिरायचे. कधी मूठभर बोरं सापडायची, कधी रिबिनीचा तुकडा, कधी नुसताच गुळगुळीत दगड. सापडलं की ओरडायचं असा तिचा नियम होता. मला ओरडता यायचं नाही. मी ओढणी हलवायचे, आणि दुसऱ्या टेकाडावरून मुक्ता माझ्या वतीने ओरडायची, "घावलं!" रोजच डोंगरात असायचो आम्ही. पण शेळी, लाकूड, पाणी यांच्याशिवाय डोंगरात जायला कारण असू शकतं हे तोवर सुचलं नव्हतं. माझी लेक आता फोनवर नकाशा उघडते, त्यात निळा ठिपका हलतो, आणि ती म्हणते, आई, हे बघ आपण इथे आहोत. मी बघते आणि मनात कासरे मोजते. काय सांगणार तिला.

साहेबाचा डबा आम्ही आठवड्यातून एकदा बघून यायचो. तो दिसू नये म्हणून मुक्ताने वर दगड रचले होते आणि खूण म्हणून एक चपटा दगड उभा केला होता. आमच्याकडे रीत आहे, खिंड ओलांडताना दगडांची रास दिसली की आपणही एक दगड टाकायचा, म्हणजे पाय दुखत नाहीत. येणारे-जाणारे मेंढके टाकत गेले. रास गुडघ्याएवढी झाली. मग एका अमावास्येनंतर आम्ही गेलो तर उभ्या दगडाला शेंदूर. ताजा, तेलाने ओला. पुढे नारळाची कवड आणि हळद.

घरी आलो तर आत्या तांदूळ निवडत होती. म्हणाली, "खिंडीत देव निघालाय गं. मी शेंदूर लावून आले. तुमी शेळ्या तिकडं घाण करू दिऊ नका."

मुक्ता घराबाहेर पळाली आणि शेळ्यांच्या वाड्यामागे बसून पोट धरून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी म्हटलं, आत्याला सांगायला पाहिजे. "कावून सांगायचं?" ती म्हणाली. "देव तर देव. आता कुनी चोर बी हात लावनार न्हाई."

त्या उन्हाळ्यात पाहुणे आले. दोन मुलं आणि एक मुलगी, मोटरसायकलींवर, पुण्याकडची असावीत. आम्ही धोंड्याआड लपून बघत होतो. ती यंत्र घेऊन देवाभोवती फिरत होती, पण शेंदूर बघून कोणाची हात लावायची हिंमत होईना. मुलगी म्हणत होती, चला परत, लोकांच्या श्रद्धेची जागा आहे. मुक्ताला राहवलं नाही. ती आडोशातून उठली, "उचला की! डबाच हाय त्यो. देवाला आमी सांगतो." ती पोरं आधी दचकली आणि मग हसत सुटली. त्यांनी दगड काढले, डबा उघडला, नावं लिहिली. आत मुक्ताने ठेवलेलं पितळेचं घुंगरू होतं, एका मेलेल्या करडाच्या गळ्यातलं. ते त्या मुलीला फार आवडलं. तिने ते घेतलं आणि बदल्यात शंभराची नोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्यात ठेवली. मुक्ता म्हणाली, "बाई, येवढं न्हाई त्याचं मोल." मुलगी म्हणाली, माझ्यासाठी आहे.

ती गेल्यावर मी म्हटलं, नोट आपण नेऊ. घरात किती उपयोग होईल.

"खेळातलं खेळात," मुक्ता म्हणाली. "घेतलं तर तेवढ्याचंच ठेवावं लागंल. हाय का तुझ्याकडं?"

नव्हतं. आम्ही डबा ठेवला, दगड रचले, शेंदराचा दगड उभा केला. मुक्ता हात जोडून त्याला म्हणाली, "संबाळ रे बाबा, शंबर रुपये हायत."

आता जे लिहायचं त्यासाठी मी दोन दिवस वही उघडली नव्हती.

पुढच्या वर्षीचा चैत्र संपत आला होता. आई-वडील आणि वस्तीवरची बाकीची घरं मेंढरं घेऊन धर्मापुरीच्या बाजूला गेली होती, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला. दरवर्षी जायचे. मागे आत्या, मुक्ता, मी आणि थोड्या शेळ्या. धरण तळाला गेलं होतं आणि आम्ही खड्ड्यातलं पाणी गाळून प्यायचो. एका पहाटे मुक्ताला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. उजाडेपर्यंत ती इतकी गळाली की तिला धरून बसवावं लागलं. आत्याने लिंबाचं पाणी दिलं, ते राहिलं नाही. मुक्ताचे डोळे आत गेले होते. ती म्हणाली, "कौसे, पायात गोळे येत्यात गं." मी पाय चोळत राहिले. आत्या म्हणाली, "जा, गावातनं जीप आन. बीडला न्यायला पायजे."

मी धावत खाली गेले. जीपवाला देवळापाशी जीप धूत होता. म्हणाला, वर वस्तीवर यायचं तर स्पेशल करावी लागेल, शंभर रुपये, रोख. मागच्या उधारीने हात पोळलेत म्हणाला. घरात होते अकरा रुपये, आत्याने गाठ सोडून माझ्या मुठीत दिलेले. बाकी वडिलांजवळ.

जीपच्या समोरच वाणी अण्णांचं दुकान. ते गल्ल्यावर बसले होते, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, समोर पाटावर चार-पाच गडी माणसं थंड बाटली पीत बसलेली. मी दुकानासमोर जाऊन उभी राहिले. एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "काय बे, तुजी सासू पुन्हा आली का?" आणि सगळे हसत होते. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "काय पायजे गं धोंडिबाच्या पोरी?" माझं तोंड उघडेना. सगळे माझ्याकडे बघत होते. शंभर रुपये द्या, बहीण आजारी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "काडेपेटी." अण्णांनी काडेपेटी दिली, मी आठ आणे ठेवले आणि वळले.

आणि मला डबा आठवला. मला वाटलं सुटले. कोणाकडे मागायला नको, कोणाशी बोलायला नको. डोंगर चढणं मला जड नव्हतं.

घरावरून वर गेले. आत्याने ओट्यावरून विचारलं, जीप? मी म्हटलं येतेय, आणि थांबले नाही. खिंडीत पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. रास कंबरेएवढी झाली होती. धरण आटल्यापासून पाण्यापायी आम्ही इकडे आलो नव्हतो, पण लोक येत होते, दगड टाकत होते, शेंदूर लावत होते. वरचे सगळे दगड लाल. मी उभी राहिले. तो डबा आहे हे मला ठाऊक होतं, माझ्या हातांनी रचलेला, तरी पहिला दगड उचलण्याआधी मी चपला काढल्या. मी म्हटलं, देवा, तू देव असशील तर मला माफ कर आणि डबा असशील तर लवकर घाव. एकेक दगड काढत गेले. शेंदूर उन्हाने मऊ झाला होता, बोटांना, तळव्यांना, नखांत भरला. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. डबा निघाला, नोट निघाली. मी वहीत लिहिलं, शंभर रुपये घेतले, परत ठेवीन, कौसा. हे लिहायला वेळ काढला. मुक्ताचा नियम होता म्हणून काढला.

खाली गेले तेव्हा देवळापाशी जीप नव्हती. लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेली होती. दुपार कलल्यावर आली. वस्तीवर पोचलो, मुक्ताला बाजेवरून उचलून ठेवलं, बीडला नेलं. सरकारी दवाखान्यात त्यांनी लगेच दोन्ही हातांना सलाईन लावलं, खूप धावपळ केली. नर्सने माझे हात बघितले आणि घाबरून विचारलं, तुला काय लागलं? मी म्हटलं, शेंदूर आहे. डॉक्टर आत्याला म्हणाले, "बाई, अंगातलं सगळं पाणी गेलंय. सकाळीच आणायचं होतं." आत्या माझ्याकडे बघत राहिली. मी हात ओढणीखाली घेतले.

मुक्ता एकदा शुद्धीवर आली. म्हणाली, "हात लाल कावून गं?" मी कानाशी जाऊन सांगितलं, डब्यातली नोट आणली. तिच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. "ठीव परत," ती म्हणाली. "खेळातलं हाय." दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

आई-वडील आले तोवर सगळं उरकलं होतं. माती सावडायला माणसं जमली तेव्हा आत्या सगळ्यांसमोर मोठ्याने रडली, "ह्या पोरीनं देव उसकटला! त्याचाच कोप झाला!" लोकांनी माझ्या हातांकडे बघितलं. शेंदूर धुवून गेला होता, नखांत राहिला होता. कोणी मला पुढे काही विचारलं नाही. देवाचं म्हटल्यावर विचारायचं काय. वाणी अण्णा दहाव्याला आले होते. निघताना माझ्यापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "पोरी, त्या दिवशी दुकानासमोर हुबी होतीस. कावून मागितले न्हाईस गं? उभ्या उभ्या दिले असते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. देवाच्या कोपाने गेली असं लोक म्हणत राहिले आणि मी म्हणू दिलं. काडेपेटी मागितली हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. पंचमीला माहेरी यायचे तेव्हा शेळ्या बघायला म्हणून वर जायचे, दगड बाजूला करायचे आणि पिशवीत दहाची नोट ठेवायचे. नवऱ्याचे पैसे चालणार नव्हते. खुरपणीची, वेचणीची मजुरी आधी घरात द्यायची असायची, त्यातून माझे असे दहा उरायला वर्ष जायचं. कधी दोन-तीन पंचम्या जाणंच झालं नाही. बाळंतपणं, सासूचं आजारपण. वहीत आणखी थोडी नावं आली, मग येईनाशी झाली. डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज पत्र्यांसारखा नाही, तो थांबतच नाही.

दोन वर्षांपूर्वी आत्या गेली. त्याआधीच्या पंचमीला तिचं अंथरूण ओट्यावर होतं. मी डोंगरावरून उतरले तर तिने माझा हात धरला, तळवा उलटा करून बघितला. शेंदूर लागला होता.

"अजून ठेवतीस का पैशे?" ती म्हणाली.

मी खाली बसले. "आत्या, तुला ठावं होतं?"

"शेंदूर लावायच्या आधीच उघडून पाह्यला होता मी. वाचता येत न्हाई, पर डबा कळतो की. मुक्ती वरसानं हसाया लागली होती. म्हनलं, गडी मानसं बघतील, उचलून नेतील. देवाला कोन हात लावतंय."

"मग माती सावडायच्या दिवशी तू तसं कावून बोललीस?"

तिने पदराचं टोक घेऊन माझा तळवा पुसायला घेतला. मग म्हणाली, "लोकांनी इचारलं असतं, इतका येळ कुठं होतीस. तू काय सांगितलं असतंस? तुला तर काडेपेटी सोडून काय मागता येत न्हाई." तिला तेही माहीत होतं. अण्णांनी सांगितलं असेल. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि ती माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "पिकले की गं तुझे बी."

यंदाच्या पंचमीला मी गेले. खिंडीत आता छोटा चौथरा झाला आहे, पण डब्याची फट मी मागच्या अंगाने राखून ठेवली आहे. वही फुगून पिवळी पडली आहे, मुक्ता, कौसा ही अक्षरं पुसट झाली आहेत, तरी वाचता येतात. मी दहावी नोट ठेवली. दहाही नोटा दोऱ्याने बांधल्या. माझ्या जुन्या ओळीखाली लिहिलं, शंभर पुरे ठेवले. आणि त्याखाली दोन नावं, पहिल्यांदा लिहिली होती तशी, तिचं वर आणि माझं खाली. झाकण लावलं, दगड लावले, उठून उभी राहिले. समोरचा डोंगर रिकामा होता. त्या टेकाडावर माझ्या वतीने ओरडायला कोणी नव्हतं.

तेव्हा ओढणी हलवायचे तसा मी पदर हातात घेतला आणि सोडून दिला. मग तोंड उघडलं. आवाज आधी फाटका आला, मग मोठा आला. "घावलं! घावलं गं!"

खालच्या माळावर एक म्हातारा मेंढका होता. तो डोळ्यांवर हात धरून वर बघायला लागला. "काय घावलं गं बाई?" त्याने हाक दिली.

"काय न्हाई बाबा," मी सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशी ओरडले. "शंबर रुपये होते बहिनीचे. फेडले."